मोठ्यांसाठीचं ऋतुचित्रांचं कलरिंग बुक : घेतलंत, रंगवलंत, काय अनुभव आला?

रानजाई, पुणे

मार्चमध्ये आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दीड महिना घराबाहेर पडायचं नाही म्हटल्यावर ती कोमेजायला लागली. वाचून डोळे दुखतात, टीव्हीची आवड नाही. म्हणून मी तिच्यासाठी मोठ्यांचं एक कलरिंग बुक मागवलं, ऋतूंच्या चित्रांचं. चार ऋतू, प्रत्येकाची बारा चित्रं, एकूण ४८. सोबत २४ रंगीत पेन्सिलींचा डबा.

आईने चष्मा लावला, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश उलटलं आणि विचारलं, “यात पावसाळा कुठंय गं?”

मी पुन्हा चाळलं. वसंताच्या एका पानावर छत्री घेऊन उभी असलेली मुलगी आहे, पण छत्रीवर काही पडत नाही. स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. जिथे ते पुस्तक काढलं गेलं तिथले ऋतू त्यात आहेत, यात पुस्तकाची चूक नाही. आईच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिने तरीही रंगवायला घेतलं. चार आठवड्यांत मला कळलं की असं पुस्तक मुखपृष्ठ बघून घ्यायचं नसतं. पानं दोन्ही बाजूंनी छापलेली आहेत. आईने एका झाडाला हिरवं स्केचपेन लावलं आणि मागच्या बर्फातल्या घरावर हिरवे ठिपके उतरले. पानं शिवलेली नाहीत, डिंकाने चिकटवलेली आहेत. पुस्तक सपाट उघडत नाही, आईचा डावा हात ते दाबून धरण्यातच अडकतो. आणि एक फुलांचा ताटवा इतका बारीक आहे की दोन दिवसांनी तिने ते पान तसंच सोडून दिलं.

आता दुसरं पुस्तक घ्यायचंय. तुम्ही काय पाहून घेतलंत, रंगवल्यावर काय लक्षात आलं, त्यातले ऋतू तुम्हाला आपले वाटले का, सगळं सविस्तर लिहा. मला घाई नाही.

खडूफळा, सातारा

३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलांना मी सांगायचो तेच इथे सांगतो : आधी कागद.

दुकानात पुस्तक हातात आलं की पानावरून बोटाचं पेर फिरवा. अगदी गुळगुळीत, चकचकीत लागलं तर ते पेन्सिलीचं पुस्तक नव्हे. कागदाला दाणा लागतो, किंचित खरबरीतपणा. त्या दाण्यात रंग अडकतो, म्हणून एकावर एक थर चढवता येतात. गुळगुळीत कागदावर दुसऱ्या थरापासूनच पेन्सिल घसरायला लागते. मग एक पान उजेडासमोर धरा. मागचं चित्र स्वच्छ दिसलं तर कागद पातळ. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. रंगीत पेन्सिलींसाठी १२० च्या पुढचा बरा, थोडं पाणी लावायचं असेल तर १५० ते १६० हवा, आणि खरे जलरंग वापरायचे तर ३०० चा कागद लागतो. एवढा जाड कागद अशा पुस्तकांत क्वचितच असतो. स्पिरिटचे मार्कर जवळजवळ कुठल्याही कागदातून पलीकडे जातात, त्यांच्यासाठी एकाच बाजूला छापलेलं पुस्तक हवं आणि खाली एक जाड कागद सरकवून ठेवायला हवा.

रानजाई, आईंना सांगा, पेन्सिल दाबायची नाही. पहिला थर इतका हलका की रंग लावलाय की नाही अशी शंका यावी. मग दुसरा, तिसरा. थरांची दिशा बदलत राहा, एकदा उभ्या रेघा, एकदा तिरक्या. सावलीला काळा घेऊ नका. हिरव्या झाडाच्या सावलीत गडद निळा किंवा किरमिजी मिसळून बघा, झाड जिवंत होतं. सगळ्यात शेवटी पांढऱ्या पेन्सिलीने दाबून घोटलं की दाणा बुजतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. त्यानंतर त्यावर दुसरा रंग धरत नाही, म्हणून घोटणं अगदी शेवटी.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मेणाच्या पेन्सिलींनी गडद रंग दाट लावला की काही दिवसांनी त्यावर पांढरट पापुद्रा येतो. बुरशी आली असं वाटतं. ते वर आलेलं मेण असतं. मऊ सुती कापडाने हलकेच पुसलं की जातं. तेलाच्या बांधणीच्या पेन्सिलींना हा त्रास होत नाही, पण त्या महाग पडतात.

ऋतूंचं म्हणाल तर माझ्या पुस्तकात ‘स्प्रिंग मेडो’ असं पान होतं. मी ते सप्टेंबरातलं कास म्हणून रंगवलं. खालून सोनकीचा पिवळा, मधे तेरड्याचा गुलाबी-जांभळा पट्टा, आणि जिथे चित्रकाराने नुसते ठिपके दिले होते तिथे गेंदाची पांढरी बोंडं कोरी सोडली. पुस्तकातली फुलं ट्युलिपच्या आकाराची होती. ती तशीच राहू दिली, रंग मात्र माझ्या डोंगराचे.

मेपलपान, मॅसॅच्युसेट्स

मी त्या पुस्तकांतल्या ऋतूंमध्येच राहते, म्हणून दुसऱ्या टोकाचा अनुभव लिहिते.

इथे आले त्या वर्षीच्या ऑक्टोबरात खिडकीबाहेरची झाडं पेटल्यासारखी दिसायची आणि मला त्या रंगांना नावं सुचत नव्हती. कलरिंग बुक घेतलं ते त्यासाठी. ऑटमच्या पानांवर बहुतेक लोक सगळी झाडं केशरी रंगवून टाकतात. मी रोज फिरून येताना एक पान उचलून आणायचे आणि ते पुस्तकाशेजारी ठेवून रंग जुळवायचे. शुगर मेपल एकाच फांदीवर हळदीपासून शेंदरीपर्यंत जातं. बर्च नुसतं पिवळं होतं. ओक सगळ्यात शेवटी बदलतो, त्याचा रंग आमसुली-तपकिरी, आणि कित्येक पानं हिवाळाभर फांदीवरच राहतात.

मग यामागचं कारण वाचलं. पानातलं हिरवं हरितद्रव्य थंडी लागली की मोडतं, आणि पिवळा रंग दिसायला लागतो. तो उन्हाळाभर तिथेच होता, हिरव्याखाली झाकलेला. लाल रंग मात्र बहुतेक पानांत त्याच काळात नव्याने तयार होतो, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा असला की जास्त. हे कळल्यावर माझी रंगवायची पद्धतच बदलली. आता आधी संपूर्ण पानावर पिवळा थर देते, शिरांच्या कडेने थोडा हिरवा राहू देते, आणि लाल सगळ्यात शेवटी वरून चढवते. झाडात ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने.

हिवाळ्याच्या पानांबद्दल : बर्फ पांढरा म्हणून कोरा सोडू नका. उन्हातल्या बर्फावरची सावली निळी असते. तिथे सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही, फक्त आकाशाचा पोचतो, आणि आकाश निळं आहे. फिकट निळा, त्यावर जांभळ्याचा एक हलका हात. मी इथे अंगणात उभी राहून बघितलेय, घराच्या सावलीतला बर्फ अगदी चिंतामणी रंगाचा दिसतो.

अबोली१९५४, कोल्हापूर

मेपलपान, तुम्ही निळ्या सावलीचं लिहिलंत आणि मी माझं पुस्तक काढून बसले. मला हे सांगायलाच हवं.

मी गेली तीन वर्षं रंगवते. माझ्या पुस्तकात बर्फाळ रानातल्या वाटेचं एक चित्र आहे आणि तसंच, पण उलट बाजूने पाहिलेलं दुसरं चित्र दहा पानांनंतर आहे. पहिलं मी दिवाळीत रंगवलं. बर्फाच्या सावल्यांना राखाडी आणि थोडा बदामी दिला, मला ते अगदी खरं वाटलं. जानेवारीत उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, फेब्रुवारीत डाव्या. मार्चमध्ये दुसरं चित्र घेतलं. पेन्सिलींचा डबा उघडला तर मला वाटलं, नातवाने पेन्सिली बदलल्या. निळ्या रंगाच्या चार पेन्सिली होत्या. ऑपरेशनच्या आधी मला त्यातल्या दोन सारख्याच दिसायच्या आणि एक हिरवट दिसायची. आता चारही वेगळ्या. मोरपंखी आणि आकाशी यांतला फरक मला कित्येक वर्षांनी दिसला.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला कळत नाही. भिंग बदललं की निळा रंग एकदम परत येतो. फ्रान्समधले चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, त्यांनाही नंतर सगळं फार निळं दिसायला लागलं होतं, हेही डॉक्टरांनीच सांगितलं.

दोन्ही पानं शेजारी ठेवली की अंगावर काटा येतो. दिवाळीतला बर्फ जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट आहे. मार्चमधला निळसर, गार. मी ते पहिलं पान दुरुस्त करणार नाही. तेव्हा मला जग तसं दिसत होतं.

एक विनंती : तुमच्या घरात कुणी वयस्कर रंगवत असेल आणि त्यांचे रंग हल्ली पिवळट, मळकट यायला लागले असतील, तर डोळे तपासून घ्या. मी रंगवत नसते तर ऑपरेशन आणखी दोन वर्षं पुढे ढकललं असतं.

पुस्तकाबद्दल : चित्राची रेघ काळीभोर नसावी, राखाडी असावी. रंगवून झाल्यावर राखाडी रेघ रंगात मिसळून जाते. पण नजर कमजोर असेल तर काळी, जाड रेघच हवी. दोन्ही मी वापरून पाहिलंय.

रानजाई, पुणे

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने लगेच दोन निळ्या पेन्सिली समोर धरून मला विचारलं, “ही वेगळी आहे ना?” आता पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

चौथीसीट, डोंबिवली

माझा अनुभव छोटा आहे. संध्याकाळच्या लोकलमध्ये बसायला मिळालं तर रंगवते. मोठ्या आकाराचं पुस्तक मांडीवर मावत नाही, शेजारणीला कोपर लागतं. वहीच्या निम्म्या आकाराचं, स्पायरलचं पुस्तक घ्या, पान मागे दुमडता येतं. बारा पेन्सिली पुरतात. गाडीत पेन्सिल खाली पडली की आतलं शिस तुटतं आणि मग टोक काढताना सारखं मोडत राहतं, म्हणून पेन्सिलींना रबर बँड लावून ठेवते. ऋतूंचं पुस्तक असेल तर गाडीसाठी हिवाळ्याची पानं निवडा, त्यांत मोकळी जागा जास्त असते, हिसक्याने हात हलला तरी बिघडत नाही.

द्राक्षमळा, नाशिक

मी फसलो, तुम्ही फसू नका म्हणून लिहितोय.

गेल्या वर्षी बायकोच्या वाढदिवसाला ऑनलाइन एक पुस्तक मागवलं. मुखपृष्ठ देखणं. ‘फोर सीझन्स’, शंभर चित्रं, किंमत साडेतीनशेच्या आत. आलं तेव्हा पहिल्या नजरेत छान वाटलं. बायकोने रंगवायला घेतल्यावर एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. शेकोटीजवळ बसलेल्या बाईच्या हाताला सहा बोटं. पायऱ्या वर जातात आणि भिंतीला जाऊन मिटतात. कुंपणाची फळी अर्ध्यात फांदी होते. झाडाच्या फांद्या कुठल्याच खोडाला जोडलेल्या नाहीत. माणसाने काढलेली ती चित्रं नव्हतीच, संगणकाकडून ढिगाने काढून घेतलेली होती. शंभरातली पंधरा-वीस तर तीच ती, थोडी फिरवलेली.

चूक एवढीच असती तर ठीक. पण रंगवताना ती चूक हाताला टोचते. बायको म्हणाली, “हे काय आहे तेच कळत नाही, मग त्याला रंग कुठला देऊ?” हा पानांचा गुच्छ आहे की दगड, ही चादर आहे की बर्फाचा ढीग, हे ठरत नसेल तर सावली कुठे टाकणार? माणसाने काढलेल्या चित्रात प्रत्येक रेघेला कारण असतं. रेघ बंद होते तिथे वस्तू संपते. या चित्रांत रेघा नुसत्याच आहेत.

तेव्हापासून मी नमुन्याची पानं मोठी करून बघतो. हाताची बोटं, खिडकीचे गज, जिने, सायकलची चाकं, कुंपणं. इथे गडबड दिसली की सोडून देतो. चित्रकाराचं नाव आणि त्याची इतर कामं दिसतात का तेही पाहतो. आणि शंभर चित्रं स्वस्तात मिळतात म्हणून भुलू नका. आम्ही पुढे घेतलेल्या पुस्तकात २४ चित्रं होती, प्रत्येक मागून कोरं, पान फाडून घेता येईल अशी छिद्रांची रेघ. बायकोने त्यातली १९ पूर्ण केली आहेत. शंभरातली चार झाली होती.

मोहफूल, चंद्रपूर

पुस्तकातला उन्हाळा म्हणजे समुद्रकिनारा, रंगीत छत्र्या, कलिंगडाची फोड. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. ती पानं मला परक्या घरातल्या अल्बमसारखी वाटायची.

पण आमचा उन्हाळा रंगाने गरीब नाही, उलट वर्षातला सगळ्यात श्रीमंत काळ तोच. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलतो. झाडावर एक पान नसतं आणि सगळं रान शेंदरी. त्या फुलाचा देठाकडचा भाग काळपट मखमली असतो, तो दिला नाही तर पळस पळस दिसत नाही. मार्चमध्ये कुसुमाला नवी पालवी येते, ती लालभडक असते. बाहेरचा माणूस तिला फुलंच समजतो. मोह पहाटे टपटप गळतो, फिकट मोतिया रंगाची फुलं, आणि बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन रानात असतात. मग एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस.

मी काय केलं, तर ऑटमचं एक पान घेतलं. तळ्याकाठी लाल-केशरी झाडं असं चित्र होतं. ते मी फाल्गुनातलं ताडोब्याकडचं रान म्हणून रंगवलं. एकच गोष्ट बदलली, आकाश. त्यांचं शरदाचं आकाश गडद निळं असतं. आमचं उन्हाळ्यातलं आकाश निळं नसतंच. ते पांढुरकं, धुळीचं, क्षितिजाजवळ गव्हाळ. फिकट बदामीवर अगदी पुसट निळा. तेवढ्याने चित्रातलं ऊन खरं झालं. गावी भिंतीवर लावलंय. पाहणारा प्रत्येक जण विचारतो, हे कुठलं रान?

भिंतीवर लावणाऱ्यांसाठी : थेट ऊन येणाऱ्या जागी लावू नका. माझ्या पहिल्या चित्रातला गुलाबी आणि जांभळा वर्षभरात विटला, तपकिरी आणि पिवळा जसाच्या तसा आहे.

हुरडा, सोलापूर

हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होतो.

दोन वर्षांपूर्वी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. हळूहळू हात हलायला लागला, पण बोटांत पकड नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, रंगवायला द्या. मी जवळच्या दुकानातून लहान मुलांचं पुस्तक आणलं. बदक, फुगा, सफरचंद. दादांनी ते उघडलं, मिटलं आणि उशीखाली ठेवून दिलं. काही बोलले नाहीत. ७१ वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं शेती केलेला, त्याच्या पुढ्यात मी बदक ठेवलं होतं. आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं.

मग भाचीने बंगळुरूहून मोठ्यांचं ऋतूंचं पुस्तक पाठवलं. त्यातली बरीच चित्रं दादांसाठी फार बारीक होती. पण चार-पाच पानं मोठ्या आकारांची निघाली. त्यातलं एक ऑटमचं. लाकडी गाडा, त्यावर भोपळे, मागे पेंढ्यांचे ढीग आणि उघडं शेत. दादा त्या पानावर थांबले. डाव्या हाताने पेंढीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “कडबा.”

झटक्यानंतर त्यांचे शब्द फार अडायचे. त्या दुपारी त्या एका पानावर ते कितीतरी बोलले. कडबा, बुचाड, खळं, मळणी. शेतात हुरडा भाजायची जागा कुठे असायची ते चित्रात दाखवलं. पेंढीला कुठला रंग यावरून माझ्याशी वाद घातला. मी पिवळी पेन्सिल दिली, त्यांनी ती बाजूला सारली. कडबा नुकता कापलेला असेल तर त्यात हिरवी झाक असते, वाळला की पिवळट, आणि पावसात भिजला की काळा पडतो. त्यांना वाळलेला हवा होता. ते पान पूर्ण व्हायला २३ दिवस लागले. भोपळ्यांच्या रेघांबाहेर रंग गेलाय, कुठे कुठे कागद खरवडलाय. माझ्या घरातली ती सगळ्यात मोलाची वस्तू आहे.

अशा माणसासाठी पुस्तक घेणार असाल तर : मोठे आकार, ठळक रेघ, पण विषय मोठ्या माणसाचा. तीन कडांची जाड पेन्सिल घ्या, ती टेबलावरून घरंगळत नाही आणि बोटांना धरायला सोपी जाते. पकड अगदीच कमी असेल तर पेन्सिलीला फडक्याची पट्टी गुंडाळून जाड करा. पान पुस्तकातून सोडवून चारही कोपरे चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा. दुसऱ्या हाताने धरावं लागत नाही.

निवांत, ठाणे

हुरडा, तुमचं लिखाण वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारे बरेच जण विचारतात, कलरिंगने चिंता कमी होते का? २००५ मध्ये अमेरिकेत करी आणि कॅसर या दोघांनी ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींना मंडल, म्हणजे गोलाकार नक्षी, रंगवायला दिलं, काहींना चौकटीचौकटींची नक्षी, काहींना कोरा कागद. पहिल्या दोन गटांची चिंता कोऱ्या कागदाच्या गटापेक्षा जास्त कमी झाली. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. कोरा कागद घाबरवतो. आखलेली चौकट मनाला टेकू देते, आणि तरीही रंग कुठला हा निर्णय तुमचाच राहतो. पण हे उपचाराच्या जागी नाही. झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, तर पुस्तकाबरोबर डॉक्टरही हवेत.

पुस्तक निवडताना एवढंच बघा की सगळीच पानं ठासून भरलेली नसावीत. थकलेल्या माणसाला वीस मिनिटांत पूर्ण होणारं एखादं पान लागतं.

निळीजॅकरांडा, सिडनी

आमच्याकडे सगळं उलटं. पुस्तकातल्या डिसेंबरात बर्फ, आमच्या डिसेंबरात कडक ऊन. मुलीने शाळेतून विचारत आणलं, “आई, ख्रिसमसच्या चित्रात स्नो का?” तेव्हापासून आम्ही दोघी मिळून पानांवर महिने लिहितो, आमचे महिने. वसंताच्या पानांवर ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा इथे जॅकरांडा फुलतो, रस्तेच्या रस्ते जांभळे-निळे होतात. तो रंग एका पेन्सिलीत मिळत नाही. आधी फिकट निळा, वर जांभळा, मधूनच गुलाबीचा हात.

पावसाळ्याच्या प्रश्नावरून आठवलं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला काकाडू नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले मूळ रहिवासी वर्षाचे सहा ऋतू मानतात, आपल्यासारखेच सहा. त्यातला गुजेवग म्हणजे धो धो पावसाचा, साधारण डिसेंबर ते मार्च. काकाडूला गेलो होतो तेव्हा माहितीफलकावर हे वाचलं आणि मी नवऱ्याला मोठ्याने वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर म्हणून दाखवलं. चार ऋतूंचं पुस्तक या देशालाही पूर्ण पुरत नाही.

कुळागर, फोंडा

रानजाई, तुझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. पण आधी पावसाळ्यात रंगवण्याचं सांगते, कारण आमच्याकडे जून ते सप्टेंबर कागद कधी कोरडा नसतोच.

जुलैत पुस्तक हातात घेतलं की पान मऊ, लिबलिबीत लागतं. स्केचपेन लावलं तर शाई रेघ ओलांडून पसरते. टोकदार पेन्सिल कागदात रुतते. म्हणून मी पुस्तक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, आत सिलिका जेलच्या चार पुड्या. काढल्यावर लगेच रंगवायचं आणि लगेच परत आत. पावसात पेनं बंद, फक्त पेन्सिली. घरी प्रिंट काढून रंगवणाऱ्यांनीही जपा. इंकजेटची रेघ ओल्या बोटाने फिसकटते आणि लेझरची काळी रेघ स्पिरिटच्या मार्करने.

आता पाऊस. संपलेल्या बॉलपेनची रिफील घे, शाई अजिबात नसलेली. रंगवायच्या आधी कोऱ्या पानावर त्या रिकाम्या रिफीलने दाबून तिरक्या रेघा ओढ. दिसणार काही नाही, पण कागदात बारीक चर पडतात. मग वरून पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने रंग फिरव, राखाडी, निळा, गर्द हिरवा. पेन्सिल चरांत उतरत नाही. सगळीकडे रंग बसतो आणि तेवढ्या रेघा पांढऱ्या राहतात. पाऊस पडायला लागतो.

रेघा सगळ्या एका दिशेने असू देत. वारा असेल तिकडे कल. लांबच्या डोंगरावर बारीक आणि जवळजवळ, पुढे लांब आणि विरळ. मी माझ्या पुस्तकातल्या समरच्या बागेवर असा पाऊस पाडला आणि ती आमची आषाढातली पोफळीची बाग झाली. खालची जमीन विटकरी केली, आमची लाल माती भिजल्यावर होते तशी, आणि वाटेवर दोन-तीन ठिकाणी आकाशाचा रंग ठेवला, म्हणजे डबकी. आधी दुसऱ्या कागदावर करून बघ. फार दाबलंस तर पान फाटतं, आणि पातळ कागदावर ते चर मागच्या चित्रावर उमटतात. म्हणून कागद जाडच हवा.

खडूफळा, सातारा

कुळागर, रिकाम्या रिफीलचं मी मुलांना पानांच्या शिरा आणि मांजराच्या मिश्या काढायला शिकवायचो. पावसासाठी कधी सुचलं नाही. आज करून बघतो.

रानजाई, पुणे

दुसरं पुस्तक घेतलं. एका बाजूला छापलेलं, स्पायरलचं, कागद १६० जीएसएमचा, ३० चित्रं. मागवण्याआधी नमुन्याच्या पानांवर सगळी बोटं मोजली. आईच्या डोळ्यांची तपासणी झाली, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, गुडघा पूर्ण बरा झाला की करून घ्यायचंय. तोवर निळा रंग निवडताना ती मला विचारते.

नवं पुस्तक मात्र अजून कोरं आहे. कुळागरचा प्रतिसाद वाचल्यापासून आईने जुनंच पुढ्यात घेतलंय, ते छत्रीवाल्या मुलीचं पान. मागच्या पानावर चर उमटतील म्हटलं, तर म्हणाली, उमटू देत. रिकामी रिफील शोधायला घरातली सगळी पेनं उघडून झाली. काल दुपारभर तिने फक्त रेघा ओढल्या, डावीकडून उजवीकडे कललेल्या. कोकणातल्या तिच्या माहेरच्या घरी पाऊस समुद्राकडून यायचा, म्हणून. कागदावर काहीच दिसत नव्हतं. आज सकाळी तिने राखाडी पेन्सिल आडवी धरली आणि मला स्वयंपाकघरातून हाक मारली, “ये गं, पडायला लागला.”